टीव्हीला मॉनिटर करताना: अक्षरे स्वच्छ दिसेपर्यंतचा क्रम

संगणक एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडला की चित्र लगेच उमटते, आणि सगळे जमले असे वाटते. एखादा चित्रपट लावला तर तो छानही दिसतो. पण मजकुराचे एक पान उघडले की दोष एकेक करून पुढे येतात: अक्षरांच्या कडांना राखाडी झालर असते, लाल अक्षरे फिसकटलेली असतात, उजव्या कोपऱ्यातले घड्याळ निम्मे पडद्याबाहेर गेलेले असते आणि माऊसचा बाण हाताच्या मागून रेंगाळत येतो. टीव्ही टाकाऊ आहे असा निष्कर्ष काढून बरेच जण इथेच थांबतात. वास्तविक यातला बहुतेक दोष पडद्याच्या काचेत नसून तिच्यामागे चाललेल्या प्रक्रियेत असतो. बाहेरून येणारे चित्र थोडे मळके, थोडे अस्थिर आणि कडांना फाटके असणार, असे गृहीत धरून टीव्ही बनवलेला असतो. त्यामुळे तो ते ताणतो, धार लावतो, गुळगुळीत करतो आणि त्याचे रंग खुलवतो. संगणकाकडून आलेल्या चित्रातला प्रत्येक ठिपका मात्र आधीच नेमका ठरलेला असतो, आणि त्यावर केलेली कोणतीही सुधारणा ही बिघाडच असते. तेव्हा टीव्हीची ही लुडबूड एकेक करून थांबवणे, एवढेच आपले काम आहे.

हे काम ठरावीक क्रमाने करावे लागते, कारण आधीचा दोष शिल्लक असताना पुढचा नीट ओळखता येत नाही. चित्र ताणलेले असताना शार्पनेस (कडांची धार) जुळवत बसणे म्हणजे पुसट चष्म्याने चष्म्याचाच नंबर तपासण्यासारखे आहे.

आधी एक चाचणीचे चित्र तयार करा

नुसत्या नजरेच्या अंदाजावर विसंबू नये. पेंटसारख्या साध्या प्रोग्रॅममध्ये टीव्हीच्या मूळ रिझोल्यूशनइतक्याच आकाराचे, म्हणजे १९२० × १०८० किंवा ३८४० × २१६० ठिपक्यांचे, चित्र तयार करावे. त्याच्या चारही कडांना अगदी टोकाला एक ठिपका जाडीची लाल रेघ ओढावी. मधल्या भागात गडद निळ्या पट्ट्यावर बारीक लाल अक्षरांत दोन ओळी लिहाव्यात आणि त्यांच्या खाली त्याच आकाराच्या दोन ओळी पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत लिहाव्यात. एका बाजूला पूर्ण काळा चौकोन काढून त्यात लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही आकडे सारखे ठेवून ५, १०, १५ आणि २० या मूल्यांचे चार छोटे चौकोन रंगवावेत. दुसऱ्या बाजूला २५५ मूल्याच्या पूर्ण पांढऱ्यावर २४०, २४५ आणि २५० मूल्यांचे चौकोन काढावेत.

हे चित्र पीएनजी स्वरूपातच साठवावे, कारण जेपीईजी स्वरूपात रंगांची माहिती बहुधा आधीच कमी केली जाते आणि मग जो दोष शोधायचा तोच चित्रात मुरलेला असतो. चित्र १०० टक्के आकारात, पूर्ण पडद्यावर उघडावे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण मदत मागताना अनेकांची इथे फसगत होते: स्क्रीनशॉटमध्ये यातला एकही दोष दिसत नाही. स्क्रीनशॉट संगणकाच्या आत घेतला जातो आणि बिघाड होतो तो केबलच्या पलीकडे. दाखवायचेच असेल, तर फोनने पडद्याचा जवळून फोटो घ्यावा.

जे सेटिंगने बदलत नाही

३२ इंची फुल एचडी (१९२० × १०८०) टीव्हीवर एका इंचात सुमारे ६९ ठिपके बसतात; २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर तेच सुमारे ९२ असतात. ४३ इंची ४के (३८४० × २१६०) टीव्हीवर हा आकडा १०२च्या आसपास जातो आणि ५५ इंचीवर ८०पर्यंत उतरतो. निरोगी डोळ्याला अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक कला, इतक्या कोनातला तपशील वेगळा करता येतो असे धरले, तर ४३ इंची ४के पडद्यावरचे ठिपके सुमारे ८५ सेंटिमीटरच्या पलीकडून, ५५ इंचीवरचे १.१ मीटरच्या पलीकडून आणि ३२ इंची फुल एचडीवरचे सव्वा मीटरच्या पलीकडून एकमेकांत मिसळतात. त्याहून जवळ बसल्यास अक्षरांच्या पायऱ्या दिसणारच. कोणतेही सेटिंग त्या घालवू शकत नाही.

मोठा पडदा फार जवळ घेण्यात आणखी एक अडचण असते. ५५ इंची पडद्यासमोर ६५ सेंटिमीटरवर बसले, तर त्याचे कोपरे ४५ अंशांहून अधिक तिरपे दिसतात, आणि अनेक टीव्हींमध्ये असणारे व्हीए प्रकारचे पॅनल (पडद्याचा चित्र दाखवणारा भाग) इतक्या कोनातून फिके पडते. मधोमध गडद दिसणारा राखाडी रंग कोपऱ्यात पांढुरका दिसू लागला, तर कारण हेच समजावे. रोजच्या टेबलावरच्या कामासाठी ४० ते ४३ इंची ४के हा माझ्या मते सर्वांत सुखाचा आकार आहे. १३६६ × ७६८ ठिपक्यांच्या जुन्या टीव्हीवर दिवसभर मजकूर वाचण्याच्या भानगडीत मात्र पडू नये.

पोर्ट आणि केबल

टीव्हीच्या मागे तीन-चार एचडीएमआय पोर्ट दिसतात, पण ते सगळे सारख्या क्षमतेचे असतीलच असे नाही. पोर्टशेजारी बारीक अक्षरांत छापलेले '४के ६० हर्ट्झ' किंवा '४के १२० हर्ट्झ' हे शब्द टॉर्च लावून वाचावेत; हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलते तो आकडा. मी स्वतः सलग दोन संध्याकाळी ड्रायव्हर (ग्राफिक्स चालवणारा प्रोग्रॅम) काढण्यात आणि पुन्हा टाकण्यात घालवल्या होत्या, आणि शेवटी दोष एवढाच निघाला की भिंतीकडची केबल हाताला सोयीच्या पण कमी क्षमतेच्या पोर्टात खोचलेली होती.

क्षमतेचे गणित समजून घेतले, तर पुढच्या बऱ्याच कोड्यांचा उलगडा होतो. २००९ साली आलेल्या एचडीएमआय १.४ची क्षमता सेकंदाला १०.२ गिगाबिट आहे; त्यातून ४के चित्र सर्व रंगांसह सेकंदाला ३० वेळाच जाते. २०१३ सालच्या २.० आवृत्तीत ही क्षमता १८ गिगाबिट झाली. प्रत्येक रंगाला ८ बिट देऊन ६० हर्ट्झचे ४के चित्र पाठवायला १७.८२ गिगाबिट लागतात, म्हणजे ते त्यात कसेबसे मावते. रंगाला १० बिट दिले की मावत नाही आणि रंगांच्या माहितीत काटछाट करावी लागते. २०१७ सालच्या २.१ आवृत्तीत ४८ गिगाबिटपर्यंत जाता येते, त्यामुळे ४के १२० हर्ट्झचा मार्ग मोकळा झाला. संगणक, केबल आणि टीव्ही या तिघांपैकी जो दुबळा, त्याच्याच चालीने साखळी चालते. जुन्या लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट पुष्कळदा १.४चाच असतो, अशा वेळी त्याच लॅपटॉपवर डिस्प्लेपोर्ट किंवा चित्र बाहेर देणारा यूएसबी-सी पोर्ट असल्यास ४के ६० हर्ट्झ देऊ शकणारे ॲडॉप्टर वापरून मार्ग काढता येतो. केबल घेताना १८ गिगाबिटसाठी 'प्रीमियम हाय स्पीड' आणि ४८ गिगाबिटसाठी 'अल्ट्रा हाय स्पीड' हे शब्द पाहावेत. केबलला सोन्याचा मुलामा आहे की नाही, याने चित्रात काहीही फरक पडत नाही. केबलची क्षमता कमी पडली, तर चित्र पुसट न होता अधूनमधून चमकते, त्यात पांढरे ठिपके उडतात किंवा पडदा क्षणभर काळा होतो.

पोर्ट बरोबर असूनही टीव्ही जुन्या क्षमतेवर अडून बसतो, कारण मूळ सेटिंगमध्ये वरची क्षमता पुष्कळदा बंद ठेवलेली असते. सॅमसंगच्या टीव्हीत तिचे नाव 'इनपुट सिग्नल प्लस' किंवा पूर्वीच्या संचांत 'एचडीएमआय यूएचडी कलर', एलजीच्या टीव्हीत 'एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर' आणि सोनीच्या टीव्हीत 'एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट' असे असते. आपण वापरतो त्या पोर्टासाठी ती चालू करावी.

रिझोल्यूशन, हर्ट्झ आणि कापलेल्या कडा

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले या वाटेने गेले, की टीव्हीकडे प्रत्यक्ष जाणारे रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट (हर्ट्झचा आकडा) दिसतो. डेस्कटॉपचे रिझोल्यूशन आणि सिग्नलचे रिझोल्यूशन असे दोन आकडे तिथे असतील, तर ते सारखे आणि टीव्हीच्या मूळ ठिपक्यांइतकेच असले पाहिजेत. यादीत ४०९६ × २१६० हा पर्याय दिसला, तरी तो मोठा आहे म्हणून निवडू नये; घरच्या ४के टीव्हीचे मूळ रिझोल्यूशन ३८४० × २१६० असते. रिफ्रेश रेट किमान ६० हवा. ३० हर्ट्झवर प्रत्येक चित्र ३३ मिलिसेकंद तसेच राहते आणि बाण जणू चिखलातून चालतो. ५९.९४ आणि ६० यांत मात्र कामापुरता काही फरक नसतो.

आता चाचणीच्या चित्राची लाल रेघ पाहावी. ती चारही बाजूंना दिसत नसेल, तर टीव्ही चित्र किंचित मोठे करून त्याच्या कडा कापत आहे. काचेच्या नळीच्या टीव्हींत चित्राची कड वेडीवाकडी असायची, ती लपवण्यासाठी ही ओव्हरस्कॅनची पद्धत सुरू झाली. नळी गेली तरी पद्धत राहिली. तिचे नुकसान कडांपुरते थांबत नाही. सगळे चित्र काही टक्क्यांनी ताणले गेल्यामुळे संगणकाचा एक ठिपका पडद्याच्या एका ठिपक्यावर बसत नाही आणि मधले अक्षरही मऊ होते. टीव्हीच्या चित्र-आकाराच्या मेनूत एलजीकडे 'जस्ट स्कॅन', सॅमसंगकडे 'फिट टू स्क्रीन' किंवा 'स्क्रीन फिट', सोनीकडे 'फुल पिक्सेल' आणि इतर काहींकडे 'डॉट बाय डॉट' अशा नावाचा पर्याय असतो, तो निवडावा. उलट चित्राभोवती काळी चौकट दिसत असेल, तर ग्राफिक्स कार्डाने (संगणकातल्या चित्र तयार करणाऱ्या भागाने) ते लहान केलेले असते. एएमडी कंपनीचे कार्ड असल्यास तिच्या प्रोग्रॅममधली 'एचडीएमआय स्केलिंग'ची पट्टी शून्यावर आणावी. टीव्ही कडा कापतो म्हणून संगणकाकडून चित्र लहान करून पाठवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. कडा दिसू लागतात, पण चित्र दोनदा ताणले जाते.

लाल अक्षरे का फाटतात

बहुतेकांचा खरा अडथळा इथे असतो. माणसाच्या डोळ्याला उजेडातला बारीक फरक चटकन कळतो, पण रंगातला बारीक फरक तितकासा कळत नाही. याचा फायदा घेऊन चित्रपटांत आणि प्रक्षेपणांत उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची ठेवतात आणि रंगाची माहिती शेजारच्या दोन किंवा चार ठिपक्यांत मिळून एकच ठेवतात. त्यालाच अनुक्रमे ४:२:२ आणि ४:२:० म्हणतात. माणसाच्या चेहऱ्यावर किंवा आकाशाच्या निळाईत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. पण लाल अक्षराची उभी रेघ एकाच ठिपक्याची असते, आणि तिचा रंग शेजाऱ्यांशी वाटला गेला की निळ्या पट्ट्यावर लाल अक्षराऐवजी जांभळट डाग उरतो. काळी अक्षरे मात्र त्याच पडद्यावर बऱ्यापैकी ठीक दिसतात. चाचणीच्या चित्रात काळ्या ओळी स्वच्छ आणि लाल ओळी फाटलेल्या, असे दिसले तर निदान पक्के: रंगांची पूर्ण माहिती, म्हणजे ४:४:४, कुठेतरी गळते आहे.

गळतीच्या जागा दोन. पहिली संगणकात: ग्राफिक्स कार्डाच्या प्रोग्रॅममध्ये आउटपुटचे रंगस्वरूप आरजीबी किंवा वायसीबीसीआर ४:४:४ करावे (दोन्हींत रंगांची पूर्ण माहिती जाते). एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये रिझोल्यूशनच्या यादीचे 'अल्ट्रा एचडी, एचडी, एसडी' आणि 'पीसी' असे दोन गट असतात; आपले रिझोल्यूशन 'पीसी' गटात असेल, तर तिथूनच निवडावे. एएमडीमध्ये 'पिक्सेल फॉरमॅट' या नावाखाली हाच पर्याय असतो. दुसरी गळती टीव्हीत होते आणि ती अधिक लबाड आहे, कारण संगणक आरजीबी पाठवत असल्याचे सगळे आकडे सांगत असतात, पण टीव्ही आत घेतल्यावर स्वतःच्या सोयीसाठी रंगाची माहिती कमी करतो. त्यावरचा उपाय ऐकायला हास्यास्पद वाटतो: इनपुटचे नाव बदलणे. एलजी आणि सॅमसंगच्या बऱ्याच टीव्हींत इनपुटच्या यादीत जाऊन त्या पोर्टाचा प्रकार किंवा चिन्ह 'पीसी' असे केले, की टीव्ही आतली बरीचशी प्रक्रिया बाजूला ठेवून ४:४:४ दाखवू लागतो. नुसते चिन्ह बदलल्यासारखे दिसते, पण लाल अक्षरे डोळ्यांदेखत सांधली जातात. सोनीच्या टीव्हीत हेच काम 'ग्राफिक्स' किंवा 'गेम' हा पिक्चर मोड करतो.

काळा आणि पांढरा

संगणक काळ्याला शून्य आणि पांढऱ्याला २५५ समजतो. व्हिडिओच्या जगात काळा १६वर आणि पांढरा २३५वर असतो. दोघांची समजूत जुळली नाही, तर दोनांपैकी एक गोष्ट होते. संगणक पूर्ण पल्ला पाठवत असताना टीव्ही मर्यादित पल्ला धरून बसला, तर चाचणीतले ५, १० आणि १५चे चौकोन काळ्यात बुडतात आणि २४० ते २५०चे पांढऱ्यात विरघळतात. उलट झाले, तर काळा राखेसारखा होतो आणि सगळ्या पडद्यावर धुके पसरते. संगणकाकडे 'फुल' निवडावे आणि टीव्हीच्या 'एचडीएमआय ब्लॅक लेव्हल' किंवा तत्सम नावाच्या सेटिंगमध्ये एकेक पर्याय फिरवून काळ्यावरचे चौकोन दिसतील तो ठेवावा. त्या पर्यायांची नावे कंपनीगणिक इतकी उलटसुलट आहेत की नावावरून अर्थ काढण्यापेक्षा चौकोनांवर विश्वास ठेवलेला बरा.

टीव्हीच्या सुधारणा बंद करणे

नॉइज रिडक्शन (चित्रातले कण पुसणारी सोय), डायनॅमिक कॉन्ट्रास्ट (काळ्या-पांढऱ्यातला फरक आपोआप बदलणारी सोय), हालचाल गुळगुळीत करणारी सोय, रंग खुलवणारी सोय आणि खोलीतल्या उजेडानुसार आपोआप मंद होणारा सेन्सर हे सगळे बंद करावे. 'पीसी' किंवा 'गेम' मोड निवडल्यावर यातले बरेचसे आपोआप मिटते आणि माऊसचा रेंगाळही कमी होतो, कारण प्रक्रियेला लागणारा वेळ वाचतो.

शार्पनेसकडे मात्र थांबून पाहावे. टीव्हीचा शार्पनेस नवा तपशील आणत नाही. तो प्रत्येक कडेच्या शेजारी उलट छटेची बारीक रेघ ओढून धार असल्याचा भास निर्माण करतो. काळ्या अक्षराभोवती पांढरी आणि राखाडी पार्श्वभूमीवर तर अगदी उठून दिसणारी झालर ती हीच. तटस्थ जागा सगळीकडे शून्यावर नसते: सॅमसंगकडे ती साधारणतः शून्य असते, तर सोनीकडे १०० पैकी ५०, आणि तिथे ५०च्या खाली गेल्यास चित्र उलट पुसट होते. म्हणून मध्यम राखाडी पार्श्वभूमीवर काळी अक्षरे ठेवून पट्टी आधी पूर्ण वर न्यावी, झालर कशी दिसते ते डोळ्यांत भरून घ्यावे आणि मग हळूहळू खाली आणत ती नेमकी नाहीशी होते तिथे थांबावे.

लोकल डिमिंग (पडद्यामागचा उजेड भागाभागाने कमी-जास्त करणारी सोय) असलेल्या टीव्हीत काळ्या पडद्यावर बाण फिरवला की त्याच्यामागून उजेडाचा गोळा फिरतो. कामाच्या वेळी ही सोय 'लो'वर ठेवावी किंवा बंद करावी.

उजेड

टीव्हीच्या मेनूतले 'ब्राइटनेस' हे नाव अनेकांना फसवते. कित्येक टीव्हींत ते पडद्याचा उजेड न बदलता काळ्याची पातळी वरखाली करते. उजेड बदलतो तो 'बॅकलाइट' (पडद्यामागचा दिवा) या पट्टीने. अलीकडच्या काही सोनी टीव्हींत मात्र 'ब्राइटनेस' म्हणजेच बॅकलाइट असतो आणि काळ्याच्या पातळीला 'ब्लॅक लेव्हल' म्हणतात. कोणती पट्टी काय करते, हे पूर्ण पांढऱ्या आणि पूर्ण काळ्या चित्रावर एकदा हलवून पाहिले की कळते. टीव्ही दिवाणखान्याच्या पलीकडून पाहण्यासाठी प्रखर ठेवलेला असतो, म्हणून हातभर अंतरावरून काम करताना बॅकलाइट निम्म्याच्याही खाली आणावा लागतो. पडद्यावरचे पांढरे पान शेजारी धरलेल्या कागदाइतपतच उजळ दिसावे. काही टीव्ही बॅकलाइट कमी केल्यावर तो भराभर चालू-बंद करून मंदपणा साधतात आणि त्यामुळे संवेदनशील डोळे दुखतात. फोनच्या कॅमेऱ्यातून पडद्याकडे पाहताना आडवे पट्टे सरकताना दिसले, तर तशी शंका घ्यावी आणि बॅकलाइट थोडा वाढवून खोलीतला उजेडही वाढवावा. रंगाच्या उबदारपणासाठी 'वॉर्म' पर्याय निवडावा. पहिला दिवस पडदा पिवळट वाटतो. दुकानातल्या निळसर पांढऱ्याची सवय डोळ्यांना लागलेली असते, एवढाच त्याचा अर्थ.

एचडीआर (जास्त उजळ आणि जास्त गडद छटा दाखवणारी चित्रपद्धत) नेहमीच्या कामासाठी बंदच ठेवावे. विंडोजमध्ये ते चालू ठेवल्यास साधा डेस्कटॉप पुष्कळदा फिका किंवा विचित्र दिसतो. चित्रपट किंवा खेळ लावताना विंडोज, ऑल्ट आणि बी ही बटणे एकत्र दाबून ते चालू करता येते.

अक्षरांचा आकार आणि कडा

अक्षरे लहान वाटली, तर रिझोल्यूशन कमी करू नये. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधले 'स्केल' वाढवावे. ४३ इंची ४केवर १०० ते १२५ टक्के, आणि लांबून पाहायचे असल्यास १५० ते २०० टक्के, यांत बहुतेकांचे जमते. त्यानंतर स्टार्टच्या शोधात क्लिअरटाइप (अक्षरांच्या कडा नितळ करणारी विंडोजची सोय) शोधून 'ॲडजस्ट क्लिअरटाइप टेक्स्ट' उघडावे आणि सुचवलेले नमुने पाहत पुढे जावे. ही सोय ठिपक्याच्या आतले लाल, हिरवे आणि निळे भाग या क्रमाने बसले आहेत असे धरून चालते, पण काही टीव्हींत क्रम उलटा, निळा-हिरवा-लाल, असतो. मग अक्षरांना रंगीत कड येते आणि त्यासाठीच नमुने नीट निवडावे लागतात. बऱ्याच ओएलईडी टीव्हींत (ज्यांचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) पांढरा चौथा भाग असल्यामुळे ही रंगीत कड पूर्ण जात नाही. तिथे क्लिअरटाइप बंद करून पाहणेही योग्य ठरते.

ओएलईडीवर टास्कबार आपोआप लपेल असा ठेवावा, पार्श्वभूमी गडद घ्यावी, पडदा काही मिनिटांत बंद होईल अशी वेळ लावावी आणि टीव्हीची ठिपके सरकवण्याची सोय चालू ठेवावी, कारण महिनोन्महिने एकाच जागी राहिलेली उजळ पट्टी तिथे कायमची उमटू शकते.

सगळे जुळल्यावर टीव्हीच्या मेनूच्या प्रत्येक पानाचा फोनने फोटो काढून ठेवावा. अनेक टीव्ही ही सेटिंग्ज प्रत्येक इनपुटसाठी वेगळी ठेवतात, एचडीआर चालू झाले की वेगळा संच वापरतात, आणि एखाद्या अपडेटनंतर इनपुटचे 'पीसी' हे चिन्ह मुकाट्याने पुसून टाकू शकतात. कधी सकाळी लाल अक्षरे पुन्हा फाटलेली दिसली, तर पहिल्यांदा तिथेच पाहावे.